आत्या म्हणजेच जन्म दिलेली आई: नऊ वर्षांच्या लेकीला कसं सांगावं?

तांबडी_माती (बेळगाव तालुका, पश्चिम भाग)

नमस्कार. आजवर नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची लेक नऊ वर्षांची आहे. माझ्या नणंदेचं हे तिसरं मूल. नणंद चंदगड तालुक्यात दिलीय, तिला आधीचा एक मुलगा आणि एक मुलगी. आम्हाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. बेळगावचे डॉक्टर झाले, कोल्हापूरचे झाले, देवधर्म झाला. नणंदेला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला, "तुला दोन हाईत, एक भावाच्या ओटीत घाल." बाळ पोटात असतानाच ठरलं, मुलगा होवो की मुलगी. बारसं आमच्या घरी झालं. पुढं भटजी बोलावून विधी केला, सब-रजिस्ट्रारकडं दत्तकपत्र नोंदवलं. गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीला तेवढं नाही. ती नणंदेला आत्या म्हणते, तिच्या मुलाला दादा.

यंदा आमच्या गावात महालक्ष्मीची यात्रा झाली. आपल्याकडची यात्रा म्हणजे काय ते सांगायला नको, किती वर्षांनी येते आणि घरटी किती पाहुणे असतात. मागच्या पडवीत बायका भाकऱ्या थापायला बसल्या होत्या. त्यात एक लांबची पाहुणी, तिला काही ठाऊक नाही. लेक पाणी द्यायला आली तर ती म्हणाली, "हिला स्थळ कशाला शोधायला पायजे? आत्या सून करून नेईल की!" आत्याच्या घरात मुलगी देणं आमच्यात नवीन नाही, असली चेष्टा सगळ्याच पोरींची होते. पण ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि नणंद तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठून गेली. रात्री लेक विचारतेय, "आई, आत्या का रडायली होती? मी दादाची बायको होणार म्हणून काय?"

मी म्हटलं, असलं काही नसतंय, झोप. ती झोपली. सासूबाई म्हणतात अठराची होऊ दे, मग बघू. मिस्टर म्हणतात तू म्हणशील तसं. नणंद फोनवर एवढंच म्हणाली, "वहिनी, सांगायचं असलं तर मला आधी कळवा." या वाटेनं कुणी गेलंय काय? कसं सांगितलंत?

जुना_पैलवान

ताई, सासूबाईंचं ऐका. पोरगी सुखात हाय, शाळंत जायलीय, मग भरल्या ताटात माती कशाला कालवायची? आमच्या घराण्यात दत्तक पिढ्यान्‌पिढ्या झालेत, एकालाबी समोर बसवून सांगितलेलं न्हाई. ज्याचं त्याला कळतंय. आमच्या चुलत्याला पन्नाशीत कळलं. काय बिघडलं? आणि दुसरं, बहिणीचं मूल दत्तक चालत न्हाई असं आमचे आज्जा म्हणायचे, ते एकदा वकिलाकडनं बघून घ्या.

काळा_कोट

आज्जांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. जुन्या धर्मशास्त्रात बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायला बंदी सांगितली होती, दक्षिणेत मात्र रूढीनं असे दत्तक होत असत. मुलीचं दत्तक तर सहसा मानलंच जात नव्हतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं दोन्ही गोष्टी बदलल्या. मूल पंधरा वर्षांच्या आतलं, घरात आधीची मुलगी नाही, बाप तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा, दोन्हीकडच्या नवरा-बायकोंची संमती आणि प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलं, एवढं असलं की दत्तक पक्कं. होम झाला नसता तरी चाललं असतं. नोंदवलेलं पत्र असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट ते दत्तक कायदेशीर झालंय असंच धरून चालतं (कलम १६). कलम १५ घरात मोठ्यानं वाचून दाखवा: वैध दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही. तुम्हाला नाही, नणंदेला नाही, मुलीलाही नाही. न सांगण्यामागं बऱ्याच घरांत "कळलं तर परत जाईल, नाहीतर परत मागतील" ही भीती असते, म्हणून लिहिलं.

आता त्या चेष्टेबद्दल. कलम १२ म्हणतं की दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी नातं संपलं. पण लगेच पहिला अपवाद लग्नाचा आहे. जन्मघरात राहिली असती तर ज्याच्याशी लग्न झालं नसतं, त्याच्याशी दत्तक गेल्यावरही होत नाही. दादा तिचा सख्खा भाऊ आहे आणि राहणार. त्याच्याशी सोयरीक तुम्ही होऊ देणार नाही, हे उघड आहे. पण नणंदेच्या दिरांची मुलं? ते तिचे चुलतभाऊ. तुमच्या बाजूनं बघणाऱ्याला ते नुसते "नणंदेच्या सासरचे". पुढं वीस वर्षांनी, सासूबाई नसताना, तिकडनंच एखादं चांगलं स्थळ आलं तर नाही कोण म्हणणार आणि काय कारण सांगून? आपल्याकडं जुन्याच नात्यात नवी सोयरीक करायची पद्धत आहे, त्यामुळं नात्यातलं दत्तक पोटात ठेवणं इथं जास्तच जोखमीचं.

शहापूरच्या_बाई (निवृत्त शिक्षिका)

पैलवान, ज्याचं त्याला कळतं हे खरं. कसं कळतं ते मी वर्गात बघितलेलं आहे. खेळताना भांडण होतं, कुणीतरी हरतं आणि हरलेलं पोर म्हणतं, "तू गप बस गं, तू कुठं ह्यांची आहेस, तुला आणलेली आहे." हे त्या पोराला त्याच्या आईच्या ओट्यावरच्या गप्पांतून मिळालेलं असतं. साधारण चौथी ते सहावीच्या आत हे घडतं, अठराची कुणी वाट बघत नाही. आणि ज्या मुलाला असं कळतं ते घरी जाऊन विचारत नाही. "आईनं मला सांगितलं नाही म्हणजे यात काहीतरी वाईट असणार," असा हिशेब ते आपल्या आपण करतं. पुढं वर्षानुवर्षं दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत बसतात. आईला वाटतं लेकराला ठाऊक नाही, लेकराला वाटतं आईला कळू द्यायचं नाही.

तेव्हा तांबडी_माती, सांगावं की नाही हा प्रश्न तुमच्या हातात आता फारसा उरलेला नाही. कुणाच्या तोंडून कळावं एवढंच तुम्ही ठरवू शकता. पाळी सुरू व्हायच्या आत सांगा. त्या वयात मुली आधीच आईशी भांडायला निमित्त शोधत असतात.

खरं तर दत्तक ही आपल्या भागात चोरून करायची गोष्ट कधीच नव्हती. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं इंग्रजांशी कशावरून जुंपलं? शिवलिंगप्पाचं दत्तक मान्य करत नाही म्हणून. १८२४ च्या ऑक्टोबरात इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे कित्तूरपुढं पडला तो त्याच भांडणात. पुढं चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा लढला तोही त्या दत्तक मुलाच्या गादीसाठी, आणि १८३१ साली त्याला फाशी झाली ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. पलीकडं कोल्हापूरला बघा, शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आलेले. कुणी लपवलं?

निपाणीची_लेक (सध्या पुणे)

बाई, तुमचं पहिलं सगळं पटलं. राजघराण्यांचं मात्र इथं लावू नका. तिथं गादीला वारस हवा होता म्हणून डंका पिटून दत्तक घेतला जाई. शिवलिंगप्पाला स्वतःला काय वाटत होतं, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. वारस मिळाला की मोठ्यांचा प्रश्न सुटतो. मुलाचे प्रश्न तिथून सुरू होतात.

मी स्वतः दत्तक आहे, संस्थेतून आलेली. मला "कळलं" असा दिवस आठवतच नाही, कारण आईनं अंघोळ घालताना, वेणी घालताना ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की मीच पुढचं वाक्य म्हणायची. ते फार चांगलं झालं. तरी त्या गोष्टीला एक भोक होतं. आई म्हणायची, "इतक्या बाळांत आम्ही तुलाच निवडलं." सातव्या वर्षी मी उलटं विचारलं, "मग आधी मला नको कुणी म्हटलं?" आई गडबडली, पण खोटं बोलली नाही. म्हणाली, "तुला जन्म देणारी कोण होती ते आम्हाला ठाऊक नाही. का ठेवून गेली तेही नाही. त्याचं मला पण वाईट वाटतं." माझ्या वर्गातल्या एकीला, तीही दत्तक, घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की तुझे आईबाप अपघातात गेले. ते खोटं होतं, आणि ते उघडं पडल्यावर तिनं घरच्यांच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास काढून घेतला.

अजून एक. लहानपणी मला दत्तक असल्याचा त्रास कधी झाला नाही, त्रास झाला तो पाहुण्यांच्या "नशीबवान हो पोरगी" या पालुपदाचा. माझ्या चुलतभावाला कुणी कधी म्हटलं नाही की तू नशीबवान, तुला जेवायला मिळतं. मी परीक्षेत कमी मार्क आणले की उपकार बुडवले, आणि चांगले आणले की आईबापांच्या पुण्याईचं फळ! बाबांनी एकदा हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "नशीब आमचं, तिचं नव्हे, आणि हा विषय इथं बंद." त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी भांडायला मोकळी झाले. भांडता येणं फार मोठं असतं हो. ज्या मुलाला आपण ठेवून घेतलेले आहोत असं वाटतं ते भांडत नाही, नुसतं शहाण्यासारखं वागत राहतं, आणि सगळे म्हणतात किती गुणी.

खानापूरचा_बाप

आमची गोष्ट थोडी वेगळी. आम्ही कारामार्फत, म्हणजे केंद्राच्या दत्तक यंत्रणेतून, मोठा मुलगा घेतला. आला तेव्हा सहा वर्षांचा होता, त्यामुळं सांगायचा प्रश्नच नव्हता. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती विचारतात, त्यानं मान हलवली होती. पण मान हलवणं म्हणजे काय ते सहा वर्षांच्या पोराला किती कळतंय, देव जाणे.

तो आला तो शुद्ध कन्नड बोलणारा. आमच्या घरात आईला कन्नड समजतं पण बोलताना लाजते, बायकोला बाजारापुरतं. पहिल्या आठवड्यात घरातला सगळा संवाद "ऊटा?" (जेवण?) आणि "बेडा" (नको) यावर चालला होता. जेवायला वाढलं की बेडा, अंघोळीला बेडा, आणि रात्री उशीखाली चपात्या. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं. संस्थेतल्या ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, काढून घेऊ नका, रागावू नका. बायकोनं त्याच्या पलंगाशेजारी झाकणाचा डबा ठेवला आणि त्याला सांगितलं, हा तुझा, रात्री-अपरात्री कधीही उघड, रिकामा दिसला तर मला उठव. बरेच महिने डबा भरलेला लागायचा. मग एक दिवस त्यात गोट्या आणि सेल संपलेलं घड्याळ सापडलं.

पाहुणे म्हणाले, नाव बदला, चांगलं मराठी ठेवा. आम्ही बदललं नाही. त्याच्याजवळ आमच्याकडं येताना स्वतःचं म्हणावं असं तेवढंच तर होतं. शाळा मराठी, घरी कन्नड चालू ठेवलं, बायकोनं त्याच्याकडूनच शिकून घेतलं. आता तो सरकारी ऑफिसात मला कन्नड अर्ज वाचून दाखवतो आणि माझ्या उच्चारांना हसतो.

त्याला एक आज्जी आठवते. नदीकाठचं घर, कोंबड्या, आणि आज्जी भात कालवून भरवायची. कागदपत्रात अशी कुणी नाही. दरवेळी गोष्ट थोडी बदलते, कधी कोंबड्यांच्या जागी शेळ्या असतात. आम्ही कधी "असं नसेल रे" म्हणत नाही. एक वही केली आहे, तो सांगेल तसं तारीख घालून लिहून ठेवतो, त्याच्या शब्दांत. पहिल्या पानावर आम्ही त्याला पहिल्यांदा भेटलो त्या दिवसाचा फोटो, पुढं संस्थेतल्या ताईंचा. ती वही त्याची. कुणाला दाखवायची ते तोच ठरवतो, माझ्या आईलासुद्धा त्यानं अजून दाखवलेली नाही.

दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेकडून घरी येऊन विचारपूस होते. बरेच पालक त्याला परीक्षा समजतात आणि घर झाडून-पुसून "सगळं छान" म्हणतात. आम्ही चपात्यांचं, रात्रीच्या ओरडण्याचं सगळं सांगितलं. मदत मिळाली ती त्यामुळंच.

जुना_पैलवान

पोराची गोष्ट वाचून बरं वाटलं. तरी माझं म्हणणं तेच हाय. वहीबिही शहरातल्या लोकांची थेरं.

खानापूरचा_बाप

मामा, मी शहरातला नव्हे ओ, कौलांच्या भट्टीवाल्या घरातला आहे. :)

निपाणीची_लेक

पैलवान काका, रागावू नका, एक विचारते. तुमच्या चुलत्यांना पन्नाशीत कळलं म्हणता. कसं कळलं? आणि काय बिघडलं नाही हे ते म्हणाले, की तुम्ही म्हणताय?

निनावी (मॉडरेटरांच्या परवानगीनं नाव लपवून)

मी देणारी आहे. माझा दुसरा मुलगा मी मोठ्या जाऊबाईला दिला. एकच वाडा, एकच चूल होती तेव्हा. तो मला काकी म्हणतो. आता तो कॉलेजात आहे आणि त्याला सगळं माहीत आहे, दहावीत असताना जाऊबाईंनीच सांगितलं. त्याआधीची वर्षं कशी गेली ते लिहिते, नणंदबाईंना उपयोग होईल.

त्याला ताप आला की मी पाणी गरम करून द्यायची आणि बाहेर उभी राहायची. कपाळाला हात लावला की जाऊबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं. त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांना भीती होती की हात लावला की मुलाला कळेल, आणि मला भीती होती की त्यांना वाटेल मी परत मागतेय. दोघी एकमेकींना घाबरून एका चुलीवर भाकऱ्या करत होतो. माझा मोठा मुलगा धाकट्याला मारायचा तेव्हा मी जास्त मारायची मोठ्याला, आणि त्याला कळायचं नाही का.

सांगितल्यावर त्यानं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. जाऊबाईंशी नाही टाकलं, माझ्याशी टाकलं. ते मी गिळलं. एकदा त्यानं विचारलं, "तुला मी नको होतो काय?" मी म्हटलं, "हवा होतास. तुझ्या काकींना, म्हणजे तुझ्या आईला, मूल नव्हतं, घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, मी हो म्हटलं. मला नाही म्हणता आलं असतं की नाही, ते मला आजही कळत नाही." तो म्हणाला, बरं. तेवढंच.

म्हणून वहिनींना सांगते, नणंदेला "आधी कळवू" एवढ्यावर ठेवू नका. तिला शेजारी बसवा. आणि तिला हे स्पष्ट सांगा की मुलीला जवळ घ्यायला आजपासून कुणाची ना नाही.

तांबडी_माती

निनावीताई, तुमचं वाचून मी मिस्टरांना वाचून दाखवलं. ते उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत.

माझी अडचण आता एकाच प्रश्नावर अडलीय. तिला ताई आणि दादा दोघंही आवडतात. ती विचारणार, "मलाच का दिलं? ताईला नाही, दादाला नाही, मलाच का?" काय सांगू? खरं सांगायचं तर मोठ्या दोघांची सवय झाली होती, ही पोटात होती. पण एवढं कोरडं सांगू काय?

निपाणीची_लेक

हेच सांगा, कारण यातली एक गोष्ट तिच्या फार कामाची आहे: ठरलं तेव्हा ती जन्मलीच नव्हती. मुलगा की मुलगी, गोरी की सावळी, रडकी की हसरी, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे तिला बघून कुणी नको म्हटलेलं नाही. मला हे उत्तर मिळालं असतं तर मी उड्या मारल्या असत्या. "आत्याचं तुझ्यावर इतकं प्रेम होतं म्हणून दिलं" असलं मात्र म्हणू नका. मग तिला वाटेल, प्रेम केलं की लोक देऊन टाकतात, आणि ती तुमच्याकडं बघायला लागेल.

आणि सगळी उत्तरं एकाच बैठकीत संपवू नका. मी पंचविशीत, नोकरी लागल्यावर, माझी फाईल बघायला अर्ज केला. आई सोबत आली. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतः मागता येतं, त्याआधी पालकांबरोबर. जन्म देणाऱ्यांनी नाव उघड करू नका म्हटलं असेल तर त्यांच्या संमतीशिवाय सांगत नाहीत. माझ्या फाईलमध्ये कुणाचं नावच नव्हतं, एक पान होतं. परत येताना संकेश्वरला आम्ही दोघींनी चहा घेतला आणि आई म्हणाली, "अजून काही शोधायचं असलं तर मी येते." तुमच्या लेकीला सगळी माणसं डोळ्यांसमोर मिळणार आहेत. अवघड आहे, पण माझ्याकडं ते नाही.

शहापूरच्या_बाई

सणावाराला, पाहुण्यांच्या गर्दीत, परीक्षेच्या तोंडावर नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे पुढं अख्खा दिवस तिला विचारायला मोकळा राहील. रात्री सांगून झोपवू नका. आणि आधी सासूबाईंशी बोला. त्यांच्या परवानगीसाठी म्हणत नाही. लेक उद्या पहिली आज्जीकडंच धावणार, "खरं काय गं?" म्हणून. तेव्हा आज्जीनं "कोण म्हणालं तुला?" असं म्हटलं की सगळं मुसळ केरात.

जुना_पैलवान

निपाणीच्या पोरीनं विचारलं म्हणून सांगतो. चुलत्याला कळलं ते एका बाईच्या दिवसाला. तिला तो मावशी म्हणायचा. मयताला गेला, पाहुण्यासारखा मागं उभा राहिला, मातीला हात लावला आणि आला. तेराव्याला कुणीतरी म्हाताऱ्यानं जेवताना म्हटलं, पोटचं पोर दारात असून पाणी पाजायला पुतण्या लागला. तिथं कळलं. चुलता पानावरनं उठला. पुढं त्यानं त्या विषयावर कधी तोंड उघडलं न्हाई. बिघडलं का न्हाई ते मी त्याला विचारलेलं न्हाई, आता तो पण न्हाई.

तांबडी_माती

सांगितलं. नणंद आणि तिचे मिस्टर आले होते. आम्ही चौघं आणि लेक. सासूबाई आतल्या खोलीत बसल्या, पण दार उघडं ठेवून.

मीच बोलले. तू माझ्या पोटात नव्हतीस, आत्याच्या पोटात होतीस, असं सुरू केलं. तिनं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "म्हणजे बाबा माझे मामा पण आहेत?" मिस्टर हो म्हणाले. ती म्हणाली, "मग मला मामाकडून पण पैसे पायजेत भाऊबीजेला... नको, ते मामाकडून नसतंय." सगळे हसले, नणंद हसता हसता रडली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. चार दिवसांनी दप्तर फेकलं, म्हणाली, "तुम्ही सगळे खोटारडे आहात, गावात सगळ्यांना माहीत होतं." हे बाई म्हणाल्या तेच. माझ्यावर राग नाही, आत्यावरही फारसा नाही, राग आज्जीवर, कारण आज्जी रोज झोपताना गोष्टी सांगते आणि ही गोष्ट सांगितली नाही. सासूबाई म्हणतात, बघा, म्हणून नको म्हणत होते. पण परवा त्यांना मी ओसरीवर तिला सांगताना ऐकलं, "तुला आणायला मीच गेले होते, टेम्पोनं, पाऊस होता." लेक पाठ फिरवून बसली होती, पण ऐकत होती.

"मलाच का" विचारलं. निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसंच सांगितलं. तिनं दोनदा वदवून घेतलं, "मला बघितलं नव्हतं ना कुणी?" नाही म्हटलं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. काळा_कोट, शाळेच्या दाखल्यावर आमचीच नावं आहेत, पण जन्माच्या दाखल्यावर अजून नणंदेचं आणि तिच्या मिस्टरांचं नाव आहे, तेही महाराष्ट्रातलं. पुढं त्रास होईल काय?

काळा_कोट

दोन कागदांवर दोन आईबाप ठेवू नका, पासपोर्ट किंवा वारसाच्या वेळी अडतं. जन्म जिथं नोंदला तिथल्याच निबंधकाकडं, म्हणजे चंदगडकडच्या कार्यालयात, नोंदणीकृत दत्तकपत्र जोडून अर्ज करा. तुमचं पत्र कन्नडमध्ये असेल तर मराठी किंवा इंग्रजी प्रमाणित भाषांतर सोबत न्या. तिथं आदेश मागितला तर वकिलामार्फत दिवाणी कोर्टातून घोषणा मिळवता येते. मूळ पत्र देऊ नका, सहीशिक्क्याची नक्कल द्या.

हा धागा नवे लोक वाचतायत म्हणून एक जोडतो. "ओळखीच्या नर्सकडून बाळ मिळतंय" असले निरोप मला दर काही महिन्यांनी येतात. नात्याबाहेरचं, रस्त्यावर किंवा दवाखान्यात सोडलेलं मूल परस्पर घेणं हा २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली गुन्हा आहे, कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद. पैसे दिले-घेतले असतील तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत. असं मूल दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मूल हवं असेल तर काराच्या पोर्टलवर नोंदणी, मग घराची पाहणी, मग वाट बघणं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वाट मोठी आहे, मान्य. पण उद्या त्या मुलानं "मला कुठून आणलं" विचारलं की उत्तर देता आलं पाहिजे.

तांबडी_माती

धन्यवाद. दुसरं म्हणजे, सुट्टीत तिला चंदगडला एकटीला राहायला जायचंय म्हणतेय. आधी आम्ही सगळे मिळून जायचो. नणंदेनं हो म्हटलंय. माझा जीव थोडा खालीवर होतोय. पाठवू काय?

निनावी

पाठवा. आणि रोज फोन करून "करमतंय काय" विचारू नका. तिचं तिला बघू द्या.

निपाणीची_लेक

पाठवा. परत आणायला कोणत्या दिवशी येणार ते मात्र तिला आधीच सांगा, कॅलेंडरवर खूण करून द्या. आणि त्या दिवशी जा, ती अजून चार दिवस राहते म्हणाली तरी आधी जा, मग वाटलं तर राहू द्या.

जुना_पैलवान

आणायला दोघंबी जावा. आणि म्हातारीला पण न्या.